दोन सेकंदांची रेषा पुसली, म्हणून तारे निर्दोष सुटत नाहीत

गेल्या काही वर्षांत गॅमा-किरण स्फोटांच्या, म्हणजे दूरच्या अवकाशातून येणाऱ्या अतिऊर्जावान किरणांच्या क्षणिक झळकांच्या, बातम्या एकाच साच्यातून निघू लागल्या आहेत. अवकाशात एखादा चमत्कारिक स्फोट दिसतो, त्यावर शोधनिबंध येतात, आणि लगोलग मथळे झळकतात की आता पाठ्यपुस्तकं नव्याने लिहावी लागणार. ११ डिसेंबर २०२१ च्या स्फोटानंतर हे झालं, ७ मार्च २०२३ च्या स्फोटानंतर पुन्हा झालं. दोन्ही स्फोट लांबलेले होते. रूढ समजुतीप्रमाणे ते एखाद्या प्रचंड ताऱ्याच्या मरणातून यायला हवे होते, पण दोन्हींच्या मागे खूण सापडली ती न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या अतिघन गाभ्यांच्या, टकरीची. मग वादाला तोंड फुटलं. एका पक्षाचं म्हणणं असं, की इतकी वर्षं मोठे तारे फुटतात तेव्हा हे स्फोट होतात असं आम्हाला छातीठोकपणे सांगितलंत, आता म्हणता तसं नाही, उद्या आणखी तिसरंच काही सांगाल. दुसरा पक्ष 'अपवादाने नियम सिद्ध होतो' एवढं पुटपुटून मोकळा झाला.

माझ्या मते हा सगळा वादच भलत्या गोष्टीवर चालला आहे. या स्फोटांनी मोडली ती एक मोजपट्टी. स्फोट दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकला तर तो ताऱ्याचा, कमी टिकला तर टकरीचा, अशी ती सोयीची विभागणी होती. मोठे तारे आणि गॅमा-किरण स्फोट यांचं नातं त्या मोजपट्टीवर कधीच उभं नव्हतं. ते उभं आहे वर्णपटांवर, म्हणजे प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या रेषांवर, आणि स्फोट नेमका कुठे झाला या पुराव्यावर. २०२१ आणि २०२३ च्या स्फोटांत मोठ्या ताऱ्यांना संशयितांच्या यादीतून वगळलं गेलं, तेही याच पुराव्याच्या आधारे. ज्या पुराव्याने इथे तारा सुटला त्याच पुराव्याने तो दुसरीकडे पकडला गेला आहे. मग एक निकाल मान्य करायचा आणि दुसरा फेटाळायचा, हे कसं चालेल?

ही दोन सेकंदांची रेषा आली कुठून, ते आधी पाहू. हे स्फोट पहिल्यांदा टिपले ते अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी. १९६३ च्या अणुचाचणीबंदी करारानंतर कुणी चोरून अवकाशात बॉम्ब फोडतो आहे का, यावर नजर ठेवायला ते सोडले होते. २ जुलै १९६७ रोजी त्यांच्या यंत्रांनी एक झळक नोंदवली. तिचा आलेख बॉम्बच्या आलेखासारखा नव्हता. रे क्लेबसाडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १६ झळकांची माहिती १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. गंमत अशी, की ताऱ्यांवर संशय त्याच्याही आधीपासून होता. स्टर्लिंग कोलगेट हे भौतिकशास्त्रज्ञ चाचणीबंदीच्या वाटाघाटींच्या काळापासूनच विचारत होते की सुपरनोव्हातून, म्हणजे ताऱ्याच्या महास्फोटातून, निघणारे गॅमा-किरण पाहून उपग्रहाची फसगत झाली तर? १९६८ मध्ये, म्हणजे स्फोटांची बातमी जगाला कळायच्या पाच वर्षं आधी, त्यांनी सुपरनोव्हातून गॅमा-किरणांची झळक निघू शकते असा निबंधही लिहिला. त्यांनी सुचवलेली यंत्रणा पुढे जशीच्या तशी टिकली नाही, बोट मात्र योग्य दिशेला होतं.

पुढची दोन दशकं सिद्धांतांची जत्राच भरली होती. १९९४ मध्ये मोजदाद झाली तेव्हा शंभराहून अधिक सिद्धांत निघाले. १९९१ मध्ये कॉम्प्टन वेधशाळा अवकाशात गेली. तिच्यावरच्या बॅट्से या उपकरणाने पुढच्या नऊ वर्षांत २,७०४ स्फोट नोंदवले आणि ते आकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले आहेत हे दाखवलं. याच उपकरणाच्या आकडेवारीवरून क्रिसा कुवेलिओतू आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये स्फोटांचे कालावधी आलेखावर मांडले. आलेखाला दोन उंचवटे होते आणि मधली दरी साधारण दोन सेकंदांवर होती. झालं, रेषा तिथे आखली गेली. तेव्हा एकाही स्फोटाचं अंतर ठाऊक नव्हतं, एकाचाही उगम सापडला नव्हता. म्हणजे उगमाबद्दल ही रेषा काही बोलूच शकत नव्हती. एवढंच कळत होतं की गर्दी दोन ठिकाणी आहे, आणि दोन गर्दींच्या कडा एकमेकींत मिसळलेल्या आहेत.

शिवाय हा 'कालावधी' मोजतात कसा? एकूण गॅमा-किरणांपैकी पहिले ५ टक्के येऊन गेल्यापासून ९५ टक्के येऊन पोचेपर्यंतचा वेळ धरतात. उघड आहे की यंत्र कोणत्या ऊर्जेचे किरण पाहतं आणि त्याच्या पार्श्वभूमीला किती खरखर आहे, यावर हा आकडा हलणार. ज्या स्फोटावरून एवढा गदारोळ झाला, तो डिसेंबर २०२१ चा स्फोट फर्मी उपग्रहाच्या मोजमापात सुमारे ३४ सेकंद टिकला आणि स्विफ्ट या दुसऱ्या उपग्रहाच्या मोजमापात सुमारे ५१. त्यात विश्वाच्या प्रसरणाची भर. दूरच्या स्फोटाचा एक सेकंद आपल्यापर्यंत पोचेस्तोवर ताणला जाऊन दोन-तीन सेकंदांचा होतो. दाराआड काही फुटलं आणि आवाज किती वेळ आला यावरून काय फुटलं ते सांगायचं, असा हा प्रकार आहे. अंदाज बहुतेकदा बरोबर येईल, पण चुकला तर फुटलेल्या वस्तूला दोष देता येणार नाही.

बाह्य लक्षणावरून केलेली वर्गवारी पुढे कारणांशी जुळली नाही, असं खगोलशास्त्रात पहिल्यांदा घडलेलं नाही. १९४१ मध्ये रुडॉल्फ मिन्कोव्स्की यांनी सुपरनोव्हांचे दोन वर्ग केले. वर्णपटात हायड्रोजन नसेल तर पहिला वर्ग, असेल तर दुसरा. पुढे उमगलं की पहिल्या वर्गातल्या काहींचा जन्म श्वेतबटू, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या लहान ताऱ्याच्या, स्फोटातून झाला आहे, आणि बाकीच्यांचा, म्हणजे ज्यांना आज 'वन-बी' आणि 'वन-सी' म्हणतात त्यांचा, बाहेरची आवरणं गमावलेल्या मोठ्या ताऱ्यांच्या कोसळण्यातून. कारणांची सीमा हायड्रोजनच्या रेषेवरून जातच नव्हती, ती पहिल्या वर्गाच्या पोटातून जात होती. म्हणून 'मोठे तारे कोसळून सुपरनोव्हा होतात' हे कुणी मागे घेतलं का? उलट त्या विधानाच्या कक्षेत आणखी स्फोट आले. नावं मात्र तीच जुनी राहिली, विद्यार्थी अजून ती पाठ करतात आणि गोंधळतात.

त्याहून जुनं आणि महागात पडलेलं उदाहरण १९२० च्या, शॅप्ली आणि कर्टिस या खगोलशास्त्रज्ञांच्या वादाचं. देवयानी दीर्घिकेत, म्हणजे ताऱ्यांच्या एका प्रचंड समूहात, १८८५ मध्ये एक नवा तारा झळकला होता. शॅप्ली यांचा मुद्दा असा की देवयानी जर खरोखर आपल्या आकाशगंगेच्या बाहेर, इतकी दूर असेल तर हा तारा इतर नवताऱ्यांच्या, म्हणजे अचानक उजळून पुन्हा मंदावणाऱ्या ताऱ्यांच्या, मानाने अशक्यप्राय तेजस्वी ठरतो, सबब देवयानी जवळच असली पाहिजे. तर्कात खोट नव्हती. खोट होती 'नवतारा' या एकाच खात्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी टाकण्यात. १८८५ चा तो तारा सुपरनोव्हा होता. कर्टिस यांना नवताऱ्यांचे दोन वर्ग असू शकतात ही शंका आली होती, पण तेव्हा त्या शंकेला वजन मिळालं नाही. या वादाला ७५ वर्षं झाली म्हणून १९९५ मध्ये वॉशिंग्टनच्या त्याच सभागृहात बोहदान पाचिन्स्की आणि डोनाल्ड लॅम्ब यांचा गॅमा-किरण स्फोटांच्या अंतरावर जाहीर वाद ठेवला गेला, आणि तिथेही खात्यांच्या सरमिसळीची सावली होतीच. ५ मार्च १९७९ चा एक प्रचंड स्फोट कित्येक वर्षं गॅमा-किरण स्फोटांतच गणला जात होता आणि त्याच्या लक्षणांवरून सगळेच स्फोट जवळच्या न्यूट्रॉन ताऱ्यांचे असावेत या मताला बळ मिळालं होतं. तो निघाला पुन्हा पुन्हा भडकणाऱ्या एका निराळ्याच जातीचा. पाचिन्स्की कित्येक वर्षं अल्पमतात होते. वादानंतर दोन वर्षांत ते बरोबर ठरले. २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटामागे रेंगाळणारी प्रभा बेप्पोसॅक्स उपग्रहाने पकडली आणि मे महिन्यातल्या पुढच्या स्फोटाचं अंतर मोजलं गेलं. तो अब्जावधी प्रकाशवर्षं दूर होता.

आता मूळ नात्याकडे येतो. २५ एप्रिल १९९८ रोजी एक क्षीण स्फोट टिपला गेला. बेप्पोसॅक्सने दाखवलेल्या आकाशाच्या त्या तुकड्यात टिटस गालामा आणि सहकाऱ्यांना एका जवळच्या सर्पिल दीर्घिकेत नवा सुपरनोव्हा दिसला, एसएन १९९८बीडब्ल्यू. त्याच्या वर्णपटात हायड्रोजन नव्हता, हेलियमही नव्हता, आणि रेषा इतक्या पसरट होत्या की द्रव्य सेकंदाला वीस-तीस हजार किलोमीटर वेगाने बाहेर फेकलं जात होतं. श्रीनिवास कुलकर्णी यांच्या गटाने रेडिओ निरीक्षणांतून दाखवलं की काही द्रव्य तर प्रकाशवेगाच्या जवळपास धावत आहे. तरीही शंका घेणारे होते आणि त्यांची शंका रास्त होती. हा स्फोट नेहमीच्या स्फोटांपेक्षा हजारो पटींनी दुबळा होता. दोन्ही गोष्टी निव्वळ योगायोगाने एका जागी येण्याची शक्यता दहा हजारांत एक एवढीच असली, तरी एकुलत्या एका विचित्र उदाहरणावर सिद्धांत कोण बांधणार?

निकाल लागला तो २९ मार्च २००३ च्या स्फोटाने. तो जोरदार होता, इतर दूरच्या स्फोटांच्या जातकुळीचाच, पण त्यांच्या मानाने जवळ, दोनशे कोटींहून थोड्या जास्त प्रकाशवर्षांवर. पुढे जे घडलं ते रात्रीगणिक पाहण्यासारखं आहे. एप्रिलच्या पहिल्या दिवसांतला वर्णपट सपाट उताराची एक रेघ होता, म्हणजे स्फोटातून निघालेल्या अतिवेगवान द्रव्याच्या झोताच्या प्रभेशिवाय त्यात काहीच दिसत नव्हतं. प्रभा रोज मंदावत होती. ६ एप्रिलच्या सुमाराला त्या उतारावर फुगवटे उठू लागले. ओहोटी लागल्यावर खडक उघडे पडावेत तसे ते दिवसागणिक ठळक होत गेले. प्रभेचा वाटा वजा केला तेव्हा मागे उरलेला वर्णपट १९९८ च्या त्या सुपरनोव्हाशी जवळजवळ तंतोतंत जुळला. अमेरिकेतल्या आणि चिलीतल्या दुर्बिणींवर काम करणाऱ्या दोन वेगवेगळ्या गटांना हेच दिसलं. यात घड्याळाचा संबंध कुठे आला? स्फोट किती सेकंद टिकला हे कुणी मोजलं नसतं, तरी निष्कर्ष तोच राहिला असता.

यंत्रणेचं गणित स्टॅन वूझली यांनी १९९३ मध्येच मांडून ठेवलं होतं. ताऱ्याचा लोखंडी गाभा कोसळून कृष्णविवर बनतं. तारा वेगाने फिरत असेल तर भोवतालचं द्रव्य सरळ आत पडू शकत नाही, त्याची चकती तयार होते, आणि दोन्ही ध्रुवांच्या दिशेने झोत निघतात. झोताला ताऱ्याचं अंग पोखरत बाहेर यावं लागतं. बाहेरची हायड्रोजन-हेलियमची आवरणं आधीच गळून गेलेली असतील तरच ते जमतं, आणि तरीही त्याला काही सेकंद लागतात. लांबलेले स्फोट ताऱ्यांशी का जोडले गेले याचं उत्तर इथे आहे. झोत बाहेर पडल्यावरही आतलं यंत्र काही काळ चालू राहिलं, तर तेवढा वेळ स्फोट दिसतो. यंत्र बाहेर पडण्याच्या क्षणापुरतंच चाललं तर स्फोट आखूड होईल, त्याआधीच थांबलं तर झोत ताऱ्यातच गुदमरेल. म्हणजे आखूड स्फोट देणारा मोठा तारा असू शकतो, हे सिद्धांत आधीपासून सांगत होता. २६ ऑगस्ट २०२० रोजी तो सापडलाही. स्फोट जेमतेम एक सेकंद टिकला, प्रसरणाचा ताण काढून टाकला तर पाऊण सेकंदही नाही, आणि काही आठवड्यांनी त्याच जागी सुपरनोव्हाच्या प्रकाशाचा उंचवटा दिसला. मोजपट्टीच्या हिशेबाने हा टकरीचा स्फोट ठरला असता.

विरोधी बाजूचे मुद्दे मात्र मला गुंडाळून टाकायचे नाहीत, कारण त्यांतले काही खरंच वजनदार आहेत. पहिला मुद्दा संख्येचा. आजवर हजारो स्फोट नोंदले गेले, सुपरनोव्हा मात्र काही डझन स्फोटांमागेच सापडला. बाकीचे इतके दूर आहेत की सुपरनोव्हा असला तरी दिसणार नाही. मग मूठभरांवरून हजारोंचा निवाडा कसा करता? त्यातही जे अगदी जवळचे आहेत, १९९८ चा किंवा फेब्रुवारी २००६ चा, ते बव्हंशी दुबळे आहेत. दुबळ्यांवरून बलाढ्यांबद्दल काय कळणार? मुद्दा बिनतोड वाटतो, पण २००३ चा स्फोट दुबळा नव्हता. २७ एप्रिल २०१३ चा तर अतिशय प्रखर होता, त्याच्यामागेही सुपरनोव्हा निघाला. आणि ९ ऑक्टोबर २०२२ चा स्फोट, जो आजवर नोंदलेल्या स्फोटांत सगळ्यात तेजस्वी आहे, त्याच्यामागचा सुपरनोव्हा जेम्स वेब दुर्बिणीने सहा महिन्यांनी टिपला. ऊर्जेच्या शिडीवर खालच्या पायरीपासून अगदी वरच्या पायरीपर्यंत तोच पसरट रेषांचा, हायड्रोजन-हेलियम नसलेला सुपरनोव्हा भेटतो. शिवाय जिथे सुपरनोव्हा दिसू शकत नाही तिथे जागा दिसते. अँड्र्यू फ्रुक्टर यांच्या गटाने हबल दुर्बिणीच्या चित्रांवरून २००६ मध्ये दाखवलं की लांबलेले स्फोट लहान, वेड्यावाकड्या दीर्घिकांत होतात, आणि तेही त्यांच्या सर्वांत उजळ भागात, जिथे नवे तारे जन्मत असतात. प्रचंड तारे काही दशलक्ष वर्षंच जगतात आणि जन्मले तिथेच मरतात. हे ठिकाण त्यांचंच आहे.

दुसरा मुद्दा जास्त टोचणारा आहे. १४ जून २००६ चा स्फोट १०२ सेकंद चालला, पुरेसा जवळ होता, मोठमोठ्या दुर्बिणी त्यावर रोखल्या गेल्या, आणि सुपरनोव्हा निघाला नाही. असलाच तर तो नेहमीच्यापेक्षा शंभरपटींहून मंद असायला हवा होता. नात्याचे समर्थक तेव्हा अडचणीत आले होते, हे कबूल केलं पाहिजे. कुणी म्हणालं सगळं द्रव्य कृष्णविवराने गिळलं, कुणी म्हणालं दीर्घिकाच चुकीची धरली असेल. पण त्याच वेळी स्विफ्टच्या माहितीत एक वेगळी गोष्ट समोर होती. या स्फोटाच्या सुरुवातीच्या भागाची चाल आखूड स्फोटांसारखी होती, पुढची लांबण वेगळ्या प्रकारची होती. बिंग झँग यांच्यासारख्या अभ्यासकांनी तेव्हाच सुचवलं की कालावधी सोडा, उगमावरून वर्ग करा. म्हणजे २०२१ मध्ये ज्याला भूकंप म्हटलं गेलं त्याचे हादरे पंधरा वर्षं आधी बसले होते आणि अभ्यासकांनी ते नोंदवलेही होते. ज्यांनी ते ऐकले नाहीत, त्यांनाच पुढे धक्का बसला.

आणि २०२१ च्या स्फोटात ताऱ्याला वगळलं ते कशाच्या जोरावर? प्रभा काही दिवसांतच अवरक्ताकडे झुकली आणि झपाट्याने विझली. सुपरनोव्हाला शिखर गाठायलाच दोन आठवडे लागतात, कारण त्याचं तेज निकेलच्या किरणोत्सारातून हळूहळू पाझरतं. इतक्या लवकर लाल होऊन विझणारा प्रकाश किलोनोव्हाचा, म्हणजे टकरीत फेकल्या गेलेल्या जड मूलद्रव्यांच्या ढगाचा. असाच प्रकाश १७ ऑगस्ट २०१७ रोजी दिसला होता, जेव्हा गुरुत्वीय लहरी टिपल्यानंतर १.७ सेकंदांनी गॅमा-किरण आले आणि टकरीबद्दल शंकेला जागाच उरली नाही. २०२३ चा स्फोट तर त्याची दीर्घिका मानल्या गेलेल्या दीर्घिकेपासून सुमारे सव्वा लाख प्रकाशवर्षं बाहेर झाला. अल्पायुषी तारा एवढा प्रवास कधी करणार? न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी करू शकते, कारण जन्मतानाच तिला जोराचा धक्का बसलेला असतो आणि टकरीला कोट्यवधी वर्षं लागू शकतात. पुन्हा तेच, वर्णपट आणि ठिकाण. 'लांब स्फोटही टकरीचे निघाले, मग ताऱ्यांचं काय खरं?' असं विचारणारा माणूस नकळत याच दोन साक्षीदारांवर विश्वास टाकत असतो. मग २००३ च्या बाबतीत त्यांची साक्ष त्याला का चालत नाही?

तिसरा आक्षेप यंत्रणेबद्दलचा. झोत चालवणारं यंत्र कृष्णविवर आहे की अतिप्रबळ चुंबकत्वाचा न्यूट्रॉन तारा, यावर अजून एकमत नाही. डिसेंबर २०११ मधला एक स्फोट काही तास रेंगाळला, त्याच्यामागचा सुपरनोव्हा इतका तेजस्वी होता की नुसत्या निकेलवर हिशेब लागेना आणि चुंबकी ताऱ्याचं पारडं जड झालं. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून मिनिटभराचा स्फोट कसा निघतो, हेही कोडंच आहे. टकरीनंतरची चकती एवढी लहान असते की ती चटकन संपायला हवी. हे सगळं मान्य. पण यंत्र कळलं नाही म्हणजे जागाही कळली नाही, असं म्हणता येतं का? वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्ये सुपरनोव्हातून न्यूट्रॉन तारा बनतो असं मांडलं तेव्हा न्यूट्रॉनचा शोध लागून दोनच वर्षं झाली होती. १९८७ मध्ये शेजारच्या दीर्घिकेत तारा फुटला आणि न्यूट्रिनो या सूक्ष्म कणांनी गाभा कोसळल्याची खबर आणली. त्याही वेळी एक गोष्ट अपेक्षेच्या साफ उलट निघाली. फुटलेला तारा तांबडा महातारा असायला हवा होता, तो निळा निघाला. ताऱ्यांच्या उत्क्रांतीची गणितं दुरुस्त करावी लागली. मोठे तारे फुटतात हे मात्र कुणी खोडलं नाही, खोडण्याचं कारणही नव्हतं.

एवढं म्हटल्यावर नात्याच्या समर्थकांचेही कान उपटले पाहिजेत. 'अपवादाने नियम सिद्ध होतो' हे वाक्य शास्त्रात कुचकामी आहे. नियम चुकीचा होता, तो गेला. आणि नातं एकतर्फी आहे हे सांगायला त्यांनी फार कंटाळा केला. मोठा तारा मेला की गॅमा-किरण स्फोट होतो, असं वाक्य शालेय पुस्तकांपासून माहितीपटांपर्यंत सर्रास सापडतं. ते धादांत चूक आहे. गाभा कोसळून मरणाऱ्या शंभर ताऱ्यांत एकाच्याही वाट्याला असा स्फोट येत नाही. एवढंच कशाला, एसएन १९९८बीडब्ल्यूच्या जातीचे पसरट रेषांचे सगळे सुपरनोव्हाही गॅमा-किरण दाखवत नाहीत. काहींचा झोत आपल्या दिशेला नसेल हे खरं, कारण तो काही अंशांचाच असतो. पण रेडिओ दुर्बिणींनी नंतर वर्षानुवर्षं पाहूनही बऱ्याच ठिकाणी झोताचा मागमूस लागला नाही. म्हणजे तिथे झोत निघालाच नाही किंवा आतच विझला. २०२४ मध्ये सोडलेला आइन्स्टाइन प्रोब उपग्रह हल्ली मृदू क्ष-किरणांच्या अशा झळका टिपतो आहे ज्यांच्यामागे सुपरनोव्हा आहे पण गॅमा-किरण नाहीत. अर्धवट राहिलेल्या स्फोटांची ही जमात अभ्यासकांना आधीपासून अपेक्षित होती, वाचकांना तिचा पत्ताच नाही. पृथ्वीवर असा स्फोट कोसळेल का, यावर जितके रकाने खर्च झाले त्याच्या दशांशही यावर झाले नाहीत.

तारा झोत बाहेर काढतो की नाही हे कशावर ठरतं, हा वाद घालण्यासारखा आहे. वेगाने फिरायला हवं आणि आवरणंही गमावायला हवीत, या दोन अटी एकमेकींच्या मुळावर येतात. आवरणं वाऱ्यासारखी उडून जातात तेव्हा फिरण्याचा वेगही सोबत नेतात. जड मूलद्रव्यं कमी असलेल्या ताऱ्यात हा वारा मंद असतो, म्हणून लहान, जड मूलद्रव्यं फारशी न मिसळलेल्या दीर्घिकांत हे स्फोट जास्त, हे एक उत्तर. दुसरं उत्तर जोडीदार ताऱ्याचं, जो आवरणं ओरबाडून नेतो. कुठलं किती खरं, हे अजून ठरायचं आहे.

दुसरा तितकाच खरा वाद सोन्या-प्लॅटिनमसारख्या जड मूलद्रव्यांचा. डॅनियल सीगल, जेनिफर बार्न्स आणि ब्रायन मेट्झगर यांनी २०१९ मध्ये मांडलं की कोसळणाऱ्या ताऱ्याच्या चकतीतून ही द्रव्यं टकरींपेक्षाही जास्त प्रमाणात बनत असतील. २०२३ च्या लांबलेल्या स्फोटानंतर जेम्स वेबच्या वर्णपटात टेल्युरियम या जड मूलद्रव्याची मानली जाणारी रेषा दिसली, पण तो स्फोट टकरीचा. मग ऑक्टोबर २०२२ चा सर्वांत तेजस्वी स्फोट, जो निश्चितपणे ताऱ्याचा, त्याच्यामागच्या सुपरनोव्हात वेबने याच द्रव्यांचा शोध घेतला. तिथे काहीच सापडलं नाही, आणि सुपरनोव्हाही अगदी बेताच्या तेजाचा निघाला. एवढा अफाट झोत आणि एवढा साधा सुपरनोव्हा, यांचा मेळ कसा घालायचा? एका ताऱ्यावरून सगळ्यांचा निकाल लागत नाही. जवळचे आणखी स्फोट मिळेपर्यंत, आणि ते मिळाल्यावर अवरक्त दुर्बिणीचा पुरेसा वेळ मिळेपर्यंत, सीगल आणि मंडळींचं म्हणणं फेटाळताही येणार नाही आणि स्वीकारताही येणार नाही.